गोडाचं दुखणं

आमच्या आज्जीचा जन्म मानमोडीच्या सालातला. म्हणजे १९१८ चा. तारीख-वार कुणी लिहून ठेवला नव्हता. "मानमोडी आली आन् मी आले," एवढाच तिचा जन्मदाखला. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीत घरंच्या घरं बसली आणि त्याच वर्षी पावसानंही दगा दिला. तिची आई पोटुशी असताना घरातली जोंधळ्याची कणगी तळाला गेलेली. कोंडा मिसळून भाकरी करायची, तीही पुरुषांची जेवणं झाल्यावर उरली तर. हे सगळं आज्जीनं तिच्या आईकडून ऐकलेलं आणि आम्ही आज्जीकडून. ऐकताना आम्हाला वाटायचं, ही नुसती जुनी गोष्ट आहे.

अकरा-बाराव्या वर्षी लग्न होऊन ती रहिमतपुरात आली. नऊ बाळंतपणं झाली, पाच पोरं जगली. पहिली पोरं म्हणे उंदराच्या पिलाएवढी. पुढं पुढं मात्र एकेक पोर थोराड होत गेलं. सातव्या खेपेचा मुलगा तर खांद्याशी अडकला. गल्लीतली सुईण जाणती होती, तिच्या हातून निम्म्या गावाची बाळंतपणं झालेली. पण तिचंही काही चाललं नाही. पोर बाहेर आलं ते निळं पडलेलंच. "येवढं बाळसं मी कुणाच्या पोटात बघितलं न्हाई," असं ती म्हणाली आणि गावानं ठरवलं, नजर लागली. आज्जी शेवटपर्यंत त्या मुलाबद्दल बोलताना "माझा गोरा पैलवान" म्हणायची. त्याला नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं.

त्या काळातलीच तिची एक तक्रार मला आठवते, कारण ती हसत हसत सांगायची. दिवस गेले की परसात ती जिथं लघवीला बसायची, तिथं मुंग्यांची रांग लागायची. सासू म्हणायची, "सून लई गोड हाय, मुंग्या माग काढत येत्यात." सगळ्या बायका हसायच्या. जुन्या वैद्यांनी मधुमेहाचं जे वर्णन केलं त्यातही लघवीला मुंग्या लागण्याची खूण आहे. म्हणजे आपल्या देशात दीड-दोन हजार वर्षांपासून जी गोष्ट वैद्यांना ठाऊक होती, ती आमच्या परसात दर गर्भारपणी दिसत होती आणि आम्ही तिच्यावर विनोद करत होतो. बाळंतपण झालं की मुंग्या जायच्या. मग कोण कशाला लक्ष देतंय?

१९८१ साली आज्जीच्या पायाची जखम भरेना, तेव्हा तिला साताऱ्याला नेलं. तिथं पहिल्यांदा आमच्या घरात तो शब्द आला. डॉक्टर डायबेटिस म्हणाले, वडलांनी घरी येऊन साखर सांगितलं आणि आज्जीनं त्याचं नाव ठेवलं 'गोडाचं दुखणं'. पुढं पाच वर्षं ती जगली. शेवटी डोळे गेले. उसाच्या फडात, गुऱ्हाळाच्या वासात आयुष्य काढलेली बाई, पण तिला गोडाची फारशी आवडच नव्हती. मिरचीचा खर्डा आणि ताक मिळालं की तिचं जेवण झालं. म्हणून ती वैतागून विचारायची, "मी कवा गोड खाल्लं रं? मग हे माझ्याच वाट्याला कुठनं आलं?"

या प्रश्नाला तेव्हा उत्तर नव्हतं. आज थोडंफार आहे, आणि ते मला कळायला आमच्या घरातल्या चौथ्या पिढीतल्या पोरीचं गर्भारपण यावं लागलं.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. मेंडेलचे वाटाणे किती वर्षं फळ्यावर काढले असतील त्याला गणती नाही. उंच आणि बुटके, गोल आणि सुरकुतलेले. मुलांना ते आवडायचं, कारण हिशेब चोख बसतो. तीनास एक. पण घरातल्या माणसांकडं बघायला लागलं की हा हिशेब विस्कटतो. आज्जीला साखर. तिच्या पाच मुलांपैकी माझ्या वडलांना नाही, थोरल्या चुलत्यांना आहे, आत्तीला आहे. वडलांना नसून माझ्या भावाला आहे, २०११ पासून तो गोळ्या घेतो. मला अजून नाही. कुठला तीनास एक आणि कुठलं काय!

आत्तीचं सांगायचं तर तिला दिलेली किर्लोस्करवाडी स्टेशनाच्या पलीकडं, द्राक्षबागांच्या मुलखात. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं, आठव्या महिन्यात. पुढं चाळिशीत साखर निघाली आणि पन्नाशीत पायाचं बोट काढावं लागलं. रहिमतपूरची जमीन वाटायची वेळ आली तेव्हा तिनं रीतसर हक्कसोड लिहून दिली. भावांशी वाईटपणा नको, माहेरचा उंबरा राहू दे, म्हणून लिहून देतात तशीच. सातबाऱ्यावरनं तिचं नाव गेलं. एकदा इंजेक्शन घेता घेता ती मला म्हणाली, "आईचं येवढंच माझ्या वाटणीला आलं बघ. ह्याची काय हक्कसोड करून देता येत न्हाई." आणि स्वतःच मोठ्यानं हसली.

आता थोरलीचं. थोरली म्हणजे माझ्या भावाची मोठी मुलगी. तिलाही दिली सांगली जिल्ह्यातच, आत्तीच्या सासरापासून दहा-बारा मैलांवर. २०१८ मध्ये तिला दिवस गेले. पहिलटकरीण, वय सव्वीस, अंगानं सडपातळ. तिसऱ्या महिन्यात तपासलं तेव्हा साखर ठीक होती. पुढं ती थोडे दिवस आमच्याकडं आली असताना साताऱ्याला डॉक्टरबाईंकडं नेली. सव्वीसावा आठवडा चालू होता. तिच्याबरोबर तिची सासू, आई आणि मी अशी वरातच होती.

तपासणी साधी असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घोळून प्यायचं आणि दोन तासांनी हातातलं रक्त द्यायचं. उपाशी असायला हवं असंही नाही. खेड्यातली गर्भार बाई दोन बसगाड्या बदलून उपाशीपोटी दवाखान्यात कशी येणार, आणि आली तर परत दुसऱ्यांदा येईल का, हा विचार करून चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी आणि त्यांच्या गटानं ही पद्धत बसवली. दोन तासांनंतरचा आकडा १४० किंवा वर गेला की गर्भारपणातली साखर धरायची. सरकारनंही २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये हीच पद्धत देशभरासाठी नेमून दिली. पहिल्या भेटीत एकदा आणि चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा एकदा. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. मोठमोठी यंत्रं शोधणारे पुष्कळ असतात. एस.टी.च्या वेळापत्रकाचा विचार करून तपासणी बसवणारा विरळा.

थोरलीचा आकडा आला १७२.

डॉक्टरबाईंनी कागद पुढं ओढला आणि विचारलं, "माहेरी कुणाला साखर?"

माझी भावजय चटकन म्हणाली, "नाही, कुणालाच नाही."

सासू शेजारी उभी होती ना. भावजयीचं मला कळत होतं. पोरगी दिलेली, दोन वर्षं झालेली, पहिलं बाळंतपण. अशा वेळी आपल्या घरात खोट आहे हे व्याह्यांच्या देखत कोण सांगेल? पण थोरलीनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं. तिनं आज्जीच्या आठवणी माझ्याच तोंडून ऐकलेल्या.

"आहे," मी म्हणाले. "हिच्या वडलांना आहे. पणजीला होती. पणजीचं एक मूल खांद्याला अडकून गेलं, आणि हिच्या वडलांच्या आत्तीचं एक पोटात गेलं."

डॉक्टरबाई लिहीत गेल्या. कागदावर त्यांनी झाडासारखं काहीतरी काढलं, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. काही गोल पेनानं भरून टाकले. आमचं घराणं मी पहिल्यांदाच असं चित्रात बघत होते. सातबाऱ्यावर नसलेल्या सगळ्या बाया त्या कागदावर होत्या.

परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी तोंड उघडलं. "पोरगी दिली तवा बोलला न्हाईसा. आमच्यात न्हाई बाई असलं काय. आता आमच्या नातवाच्या अंगात घालताय." भावजय आत गेली ती चुलीपुढून उठेना. माझ्याशी ती पुढं पंधरा दिवस धड बोलली नाही. मी तिला दोष देत नाही. तिच्या लेकीला पुढं त्या घरात नांदायचं होतं, मला नव्हतं.

पण मी शिक्षक. मला गप्प बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सोप्यात सासूबाई निवांत चहा घेत बसल्या होत्या, तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, अहो, हे काही नुसतं आमच्या घरचं नसतं. जनुकं जोडीनं येतात, एक आईकडनं, एक बापाकडनं. आणि साखरेचं एकच एक जनुक नाही, शेकड्यानं आहेत. प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. कुणाकडं चार चिमटी जमतात, कुणाकडं चाळीस. आमच्या थोरलीकडं जरा जास्त जमल्या एवढंच.

त्यांना काय पटलं कोण जाणे. पण हे चिमटीचं प्रकरण मी नंतर बरंच वाचलं, ते इथं सांगते, कारण ते आपल्या मुलखाशी जोडलेलं आहे.

२००६ साली आइसलँडमधल्या शास्त्रज्ञांना एक जनुक सापडलं, टीसीएफ७एल२ नावाचं. त्याचा एक विशिष्ट प्रकार ज्यांच्याकडं असतो त्यांच्यात साखरेचं दुखणं जास्त दिसतं. स्वादुपिंडानं वेळेवर आणि पुरेसं इन्सुलिन सोडायचं, त्या कामात तो ढिलाई करतो. आपल्याकडं हे लागू आहे का, हे पुढच्याच वर्षी तपासून झालं. पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सी.सी.एम.बी. या संस्थेतले डॉ. गिरिराज चांडक यांनी आपल्या माणसांचं रक्त तपासून दाखवलं, की हो, इथंही तेच जनुक तसंच वागतं. दुसरं एक जनुक, एमटीएनआर१बी, रात्रीच्या अंधारात शरीरात जो मेलाटोनिन नावाचा स्राव होतो त्याच्याशी संबंधित आहे. गर्भारपणातल्या साखरेशी त्याचं नातं देशोदेशी सापडलंय. रात्रीच्या अंधाराचा आणि साखरेचा संबंध असेल हे मला आधी खरं वाटेना.

मग ही जनुकं असून आज्जीला एरवी काही होत नव्हतं, ते गर्भारपणीच का व्हायचं? याचं उत्तर वारेत आहे. पोटातल्या बाळाला सतत साखर मिळावी म्हणून वार काही स्राव सोडते, आणि ते आईच्या शरीरात इन्सुलिनला दाद लागू देत नाहीत. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून हे वाढत जातं. निरोगी बाईचं स्वादुपिंड मग दुपटी-तिपटीनं इन्सुलिन काढतं आणि निभावून नेतं. एक बैल ओढत असलेल्या गाडीत दुप्पट माल भरावा तसं. बैल ताकदीचा असला तर ओढतो. जन्मतःच कमजोर असला तर चढाला बसतो. एरवी सपाटीवर तो कमजोर आहे हे कुणाला कळतही नाही. बाळंतपण झालं, वार पडली, माल उतरला की बैल पुन्हा चालायला लागतो. आज्जीच्या परसातल्या मुंग्या म्हणून जायच्या.

आणि आईची साखर वारेतून बाळाकडं जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ बिचारं स्वतःचं इन्सुलिन भराभर काढतं, आणि इन्सुलिन म्हणजे अंग वाढवणारं. बाळ गुटगुटीत होतं, खांद्यात रुंद होतं. कोपनहेगनच्या पेडरसन नावाच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात हे मांडलं. आमचा गोरा पैलवान त्याच्या आधीच गेला होता.

आज्जीचा मूळ प्रश्न मात्र अजून उरतोच. जनुकं तर तिच्या आई-आज्जीकडंही असणार. मग आत्ताच एवढं का? या प्रश्नावर डॉ. याज्ञिकांचंच काम मला सगळ्यात पटतं. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांची लग्नापासून, गर्भारपणातून, थेट त्यांची मुलं मोठी होईपर्यंत मोजदाद ठेवली. या बायका कशा होत्या? वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास, दिवसभर शेतात. मुलं जन्माला आली सरासरी पावणेतीन किलोच्या आतली. इंग्लंडातल्या साडेतीन किलोच्या बाळाशेजारी ठेवली तर किरकोळच. पण नीट मोजल्यावर दिसलं, की आपल्या बाळाचं मांस कमी आहे, अवयव लहान आहेत, चरबी मात्र जवळजवळ तेवढीच आहे. दिसायला बारीक आणि आतून लठ्ठ. ही उपासमार पिढ्यान्‌पिढ्यांची. पोटात असताना अन्न तुटपुंजं मिळालं की शरीर मेंदू वाचवतं, चरबी साठवतं आणि स्वादुपिंडासारख्या अवयवांवर काटकसर करतं. पुढं आयुष्यात पोटभर मिळायला लागलं की तीच काटकसर नडते. त्या बायकांत बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरताही फार निघाली, तिचाही मुलांच्या पुढच्या तब्येतीशी संबंध दिसला.

याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला होता, शेजारी युडकिन नावाचे इंग्लंडमधले त्यांचे मित्र. दोघांची उंची-वजनाची पट्टी अगदी सारखी, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. मी हा फोटो थोरलीला दाखवला. "म्हणजे आपण सगळे बाहेरनं काटक्या आणि आतनं लोण्याचे गोळे?" ती म्हणाली. त्या सगळ्या काळात ती मनापासून हसली ती तेव्हाच.

तर मानमोडीच्या सालात कोंड्याच्या भाकरीवर पोटात वाढलेली आमची आज्जी. तिच्या अंगात जनुकं होती ती होतीच, त्यात आईच्या पोटातच काटकसर शिकलेलं स्वादुपिंड. तिनं गोड खाल्लं नव्हतं हे खरंच होतं.

इकडं थोरलीचं पथ्य सुरू झालं. दोन आठवडे नुसता आहार सांभाळायचा. ज्वारीची भाकरी एक, वर दुसरी नाही. भाताची वाटी अर्धी. मुगाची उसळ, पालेभाजी, ताक. दिवसाचं खाणं सहा वेळांत वाटून. जेवल्यावर अर्धा तास चालणं. आमच्याकडं तेव्हा आल्याची काढणी चाललेली, रानात बायकांची गर्दी. थोरली सकाळ-संध्याकाळ बांधाबांधानं रानापर्यंत जायची आणि प्रत्येक बाई तिला थांबवून काहीतरी खायला देऊ बघायची. पोटुशी बाई रिकाम्या तोंडी जाऊ देणं आमच्यात पाप. "एक शेंगदाण्याचा लाडू खा गं, पोटातलं मागतंय." ती बिचारी लाडू पदराला बांधून आणायची आणि मला द्यायची. त्या दोन आठवड्यांत माझंच वजन वाढलं.

पण जेवणानंतरचा आकडा १२० च्या खाली यायला हवा होता, तो येईना. इन्सुलिन सुरू झालं. सासरी फोनवर कळवलं तर तिकडून उलटा फोन आला, "सुई पोराला लागंल. आन् एकदा लागली की जन्मभर सुटत न्हाई." हे तर आत्तीचं उदाहरण बघून गावोगाव पसरलेलं. थोरली स्वतःही घाबरली होती. सुईला नाही, 'जन्मभर' या शब्दाला. मी तिला बैलाची गोष्ट पुन्हा सांगितली. इन्सुलिन म्हणजे चढापुरता जोडलेला दुसरा बैल. शिवाय ते वार ओलांडून बाळाकडं जातच नाही.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण निघालं. सासूबाई आल्या त्या पेढे, बुंदी, पुरणपोळ्यांचा डबा असा सगळा थाट घेऊन. त्यांचा जीव होता सुनेवर, हे मी नाकारत नाही. फुलांच्या वाडीत बसलेली पोरगी, समोर पाच पक्वान्नं, गावातल्या बायका ओटी भरतायत. थोरलीनं पुरणपोळीचा नखाएवढा तुकडा मोडला, देवापुढं ठेवल्यासारखा जिभेला लावला आणि ताट सरकवलं. सासूबाईंचा चेहरा उतरला. मग रात्री सगळ्या पांगल्यावर त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, "माझ्या बापाचा पाय काढला मिरजंला. गुडघ्यापास्नं. जखम चिघळली म्हणून. त्येला काय साखर न्हवती."

"तपासली होती का हो कधी?" मी विचारलं.

"कोण तपासतंय तवा," त्या म्हणाल्या आणि पानाचा डबा उघडून बसल्या. मी पुढं काही बोलले नाही. डॉक्टरबाईंच्या त्या कागदावर आणखी एक चौकोन काढावा लागणार होता, भरलेला की मोकळा ते आता कुणीच सांगू शकत नव्हतं.

मुलगी झाली. तीन किलो शंभर, खांदे आपल्या जागी. जन्मल्याबरोबर तिच्या टाचेला टोचून साखर बघितली, तासा-तासानं. आईकडून येणारी साखर नाळ कापल्यावर एकदम बंद होते, पण बाळाचं इन्सुलिन अजून जोरात असतं, म्हणून बाळाची साखर घसरायची भीती असते. त्या पहिल्या तासात थोरलीनं बाळाला अंगावर घेतलं आणि तिसऱ्या टोचण्याला आकडा सरळ झाला. आमचं सगळं घर त्या इवल्याशा टाचेकडं बघत उभं होतं.

थोरलीचं इन्सुलिन त्याच दिवशी बंद झालं. आणि नेमकं इथंच आपल्याकडं घोडं पेंड खातं. सुई सुटली, मूल धडधाकट, म्हणजे दुखणं गेलं. दीड महिन्यानं पुन्हा ७५ ग्रॅमची तपासणी करायची असते, तिला कोण जातंय? बाळंतीण घराबाहेर पडायची नाही, आळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू चालू, बाळाचं बारसं तोंडावर. ज्या बाईला गर्भारपणात साखर झाली तिला पुढं कायमची साखर होण्याची शक्यता इतरांपेक्षा सातपट ते दहापट असते असं निरनिराळ्या अभ्यासांत दिसलंय. आज्जीला ती तपासणी मिळाली असती तर १९८१ पर्यंत थांबावं लागलं नसतं. आत्तीचं बोटही कदाचित राहिलं असतं. थोरलीला मी आणि भावजय दोघी मिळून घेऊन गेलो. भावजयीनंच गाडी सांगितली होती. आकडा आला १५२. साखर म्हणावी असा नाही आणि नाही म्हणावी असाही नाही. तेव्हापासून ती दर वर्षी मुलीच्या वाढदिवसाच्या आठवड्यात रक्त तपासून घेते. रोज चालते. अजून तरी गोळी लागलेली नाही.

हे सगळं घडून गेल्यावर धाकटीच्या लग्नाचं निघालं. आता गावाला सगळं कळलेलं. पहिलं चांगलं स्थळ आलं तेव्हा भाऊ मला म्हणाला, "आक्का, ह्या खेपेला तू काय बोलायचं न्हाई." मी बोलले नाही. धाकटीच बोलली. मुलाशी गॅलरीत दहा मिनिटं बोलायला सोडलं होतं, तेव्हा तिनं बहिणीचं, वडलांचं, पणजीचं सगळं सांगून टाकलं आणि म्हणाली, मलाही होऊ शकतं. त्या लोकांनी "कळवतो" म्हटलं आणि कळवलं नाही. भाऊ आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. मला वाटलं, आता ही पोरगी शहाणी होईल आणि पुढच्या वेळी गप्प बसेल.

पुढचं स्थळ वाईकडचं, दोन वर्षांनी. या वेळी तर तिनं गॅलरीचीही वाट पाहिली नाही. पोहे झाले, चहाचा ट्रे घेऊन ती आली आणि सगळ्यांच्या पुढ्यात उभी राहून म्हणाली, आमच्या घरात साखर आहे, माझ्या बहिणीला गर्भारपणात झाली होती, हे तुम्हाला आधी ठाऊक असावं. भाऊ मान खाली घालून बसला. भावजय दाराआड. मुलाच्या बापानं कप उचलला होता तो तसाच खाली ठेवला.

"आमच्यात चौघांला हाय," ते म्हणाले. "मला, हिला, दोन्ही भावांला. तुमच्याकडनं निघताना इचारणारच हुतो, चहा बिनसाखरेचा मिळंल का म्हणून, पर पहिल्याच येळंला कसं बोलायचं."

भावजय दाराआडून बाहेर आली, ट्रे उचलून आत नेला, आणि मला हाक मारली, "आक्का, आधण ठेवते, आलं किसून द्या जरा. चार कप बिनसाखरेचे, तुमच्या भावाचा धरून पाच."